‘आपला माणूस’ म्हणून डोळे झाकून फुली? मी नाही मारणार

वैतागलेला: काल आमच्या इंग्लंडातल्या मराठी ग्रुपवर काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, निवडणुकीची एक पोस्ट फिरली. ‘आपल्या वॉर्डात प्रथमच मराठी उमेदवार! ७ मेला पक्ष-बिक्ष बघू नका, डोळे झाकून फुली मारा.’ खाली पंचवीस जोडलेले हात. तिथेच लिहिणार होतो, पण ॲडमिनकाकांना बीपी आहे, म्हणून इथे.

डोळे का झाकायचे? हा गृहस्थ आमच्या दारी एकदाही आलेला नाही. पत्रकावर आरतीचं ताट हातात घेतलेला फोटो, आणि ग्रंथालयाचे तास कमी झाले त्याबद्दल अवाक्षर नाही. उलट आत्ताची काउन्सिलर, म्हणजे नगरसेविका, सत्तरीची गोरी बाई. लोकांच्या तक्रारी ऐकायच्या बैठकीला इथे ‘सर्जरी’ म्हणतात; तिची पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं बाई डॉक्टर आहे. शनिवारी ग्रंथालयाच्या कोपऱ्यात डुगडुगत्या टेबलाशी बसते. भाड्याच्या घरातल्या बुरशीचं सांगितलं, तर स्वतः घरी आली, भिंतीला तळहात लावून बघितला. दोन आठवड्यांत घरमालकाला नोटीस. माझं आडनाव ती अजून तीन तुकड्यांत म्हणते. म्हणू दे.

मावशी_नं_१: साफ असहमत. बुरशी कुणालाही कळते हो. माझे सासरे डिसेंबरात गेले. आधी डॉक्टरांचा कागद, मग नोंदणी कचेरी, मग नाताळच्या सुट्ट्या, मग स्मशानाची वेळ. अठराव्या दिवशी अग्नी मिळाला. तेराव्याला माणूस अजून शवागारात, आणि गुरुजी फोनवर विचारतायत, ‘दिवस कधीपासून धरायचे?’ मुसलमान आणि ज्यू लोकांसाठी कित्येक ठिकाणी सुट्टीच्या दिवशीही नोंदणी होते. त्यांची माणसं मागत राहिली म्हणून होते. आपलं कोण मागणार? तुमची तळहातवाली बाई?

वैतागलेला: वाईट वाटलं वाचून, खरंच. पण तेव्हा तुमच्या वॉर्डात भारतीय काउन्सिलर कुणी नव्हता?

मावशी_नं_१: होते. तिघांतले दोघे. एक अंत्यविधीला आले, पहिल्या रांगेत बसले, फोटो काढून गेले.

वैतागलेला: मग?

मावशी_नं_१: मग काय मग. दोघेही गुजराती होते.

टेम्सकर: म्हणजे ‘आपला’ची हद्द लंडनमधल्या गुजराती वेंब्लीच्या अलीकडेच संपते तर. दंडवत.

पेठेतला: अवांतर, पण राहवत नाही. तुमच्याकडे निदान चार वर्षांनी ठरल्या तारखेला निवडणूक होते. पुण्यात मार्च २०२२ ला मुदत संपली आणि मतदान झालं जानेवारी २०२६ ला. मधे सगळा प्रशासक. खड्ड्यासाठी कुणाच्या नावाने शिमगा करायचा तेच कळेना. आणि आता चार जणांचा प्रभाग. ‘अ’कडे गेलं की ‘ब’कडे पाठवतो, ‘ब’ म्हणतो ते ‘क’चं काम, ‘ड’ कायम कुणाच्या तरी लग्नाला गेलेला.

टेम्सकर: प्रशासक इथेही येतात. बर्मिंगहॅमला १०१ काउन्सिलर असताना सप्टेंबर २०२३ मध्ये कलम ११४ ची नोटीस, म्हणजे जवळपास दिवाळखोरीची कबुली, निघाली, वरून सरकारने आयुक्त बसवले आणि २०२४ ला काउन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) ९.९९ टक्क्यांनी वाढला. आणि ‘आपला माणूस’वाल्यांनी लंडनमधलं न्यूअम बघावं. २०१०, २०१४, २०१८, तिन्ही वेळा ६० पैकी ६० जागा लेबर पक्षाला. सभागृहात सगळ्या रंगांची माणसं, विरोधी बाकावर एकही नव्हता. प्रश्न कोण विचारणार होतं?

पेठेतला: ते ठीक, पण आमच्याकडे निम्म्या जागा बायकांना तरी आहेत.

मावशी_नं_१: आणि फ्लेक्सवर बाईपेक्षा नवऱ्याचं तोंड मोठं. राहू द्या.

पेठेतला: सगळीकडे नसतं तसं!! माझी सख्खी बहीण उभी होती, मेव्हण्यांना प्रभागाची हद्दही सांगता आली नसती. इंग्लंडात बसून शहाणपण शिकवू नका.

वैतागलेला: अहो, धागा हॅरो-स्लाव सोडून सदाशिव पेठेत कधी गेला?

वीस_वर्षं_इथे: मुळात तुमच्यातले निम्मे व्हिसावर. उद्या बॅगा भरून जाल. इथल्या मतदानात नाक कशाला खुपसता?

टेम्सकर: काउन्सिल टॅक्स व्हिसा विचारून लावतात का? राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक आणि इथला रहिवासी म्हणून कायद्याने हक्क आहे, वापरणार. आमचं नाव भारतात परदेशस्थ मतदार म्हणून लागलं तरी मत टाकायला बूथवर जातीने जावं लागतं. आणि साहेब, तुम्ही ओसीआय, म्हणजे भारताचं नागरिकत्व सोडलेले. तुम्हाला तिथे तेही नाही.

वीस_वर्षं_इथे: हक्क नाही असं मी म्हटलं नव्हतं. भाषा सांभाळा.

वैतागलेला: मावशी, एक मान्य करतो. नोंदणी कचेरीचा प्रश्न मला सुचलाच नसता. उमेदवाराला मेल टाकतो. सुट्टीच्या दिवशी नोंदणी मागणार का, हो की नाही, लेखी द्या. वॉर्डात तीन जागा, म्हणून तीन फुल्या. दिलं तर तीनपैकी एक फुली त्याला. दुसरी तळहातवाल्या बाईला.

मावशी_नं_१: वा, उपकार झाले. आणि तिसरी?

वैतागलेला: कोरी. तिन्ही मारायलाच हव्यात असं कुठे आहे?

नवीन_आलोय: माझं पोलिंग कार्ड आलं नाही. आधार कार्ड चालेल का? पुण्याचं लायसन्सही आहे.

मावशी_नं_१: दोन्ही नाही. यादीत नाव असलं की कार्ड नसलं तरी चालतं, पण भारतीय पासपोर्ट घेऊन ये. सकाळी सातला उघडतं. गुरुवार आहे, सुट्टी नसते, ऑफिसच्या आधी उरक. बोटाला शाई लावत नाहीत. आत दोऱ्याला बांधलेली पेन्सिल असेल, ती खरीच आहे. खोडरबर शोधत बसू नकोस.