दोन लाइनचा कॉर्डलेस: बोलणं बाहेर जातं का?

प्रश्न: दवाखान्यात दोन लाइन आणि चार हँडसेट आहेत. आत मी पेशंटशी बोलते, बाहेर रिसेप्शनचा कॉल चालू असतो, तरी सरमिसळ होत नाही. कसं काय? कोणी चोरून ऐकेल का?

उत्तर: डेक्ट (कॉर्डलेस फोनची डिजिटल रेडिओ पद्धत) असेल तर बेस, म्हणजे लाइनला जोडलेला मुख्य डबा, दर १० मिलिसेकंदांचे २४ तुकडे पाडतो: १२ जाण्याचे, १२ येण्याचे. प्रत्येक कॉलला स्वतंत्र जोडी मिळते.

उत्तर: मी या सिस्टिम बसवतो. पिन टाकून हँडसेट जोडताना बेसशी गुप्त किल्ली ठरते, पुढे आवाज तिच्या आधारे सांकेतिक होऊन जातो. सांकेतिक करण्याची जुनी, ६४ बिटांच्या किल्लीची पद्धत संशोधकांनी फोडली आहे, १२८ बिटांची, म्हणजे लांब किल्लीची घ्या. आणि ०००० हा पिन आजच बदला, कळकळीनं सांगतोय!

प्रश्नकर्ती: खरंच ०००० होता. बदलला.

उत्तर: छान. पण हे कुलूप बेसपर्यंतच, पुढच्या तारेवर नाही.