पूलचे पुन्हा पुन्हा पाहण्यासारखे सामने कोणते? आणि त्यांत नेमकं काय पाहायचं?

निळा_चॉक

स्नूकर बघायची सवय आहे. नाइन-बॉलचे नियमही माहीत आहेत: टेबलावरच्या सगळ्यात लहान नंबराला पांढरा चेंडू आधी लागला पाहिजे, आणि नऊ नंबर पडला की रॅक, म्हणजे एक डाव, संपला. पण यूट्यूबवर पूल शोधलं की 'अविश्वसनीय शॉट' छापाची कात्रणंच समोर येतात. एकदा बघितली की संपलं.

व्यावसायिक खेळाडूंचे पूर्ण सामने सुचवा, ज्यांत तिसऱ्यांदा पाहतानाही काही हाती लागेल. रेयेस-स्ट्रिकलंडचा हाँगकाँगचा सामना जो तो सांगतो, पण 237 रॅक बसून बघणं खरंच गरजेचं आहे का? शिवाय स्नूकरच्या डोळ्यांना पूलमध्ये काय दिसत नाही, तेही सांगा.

रॅकवाला

237 रॅक बघू नका. झोप येईल, आणि त्यात खेळाडूंचा दोष नसेल.

1996चा तो सामना 120 रॅकपर्यंतचा होता, म्हणजे आधी 120 घेणारा जिंकणार. तीन दिवस चालला. 1 लाख डॉलर सगळे जिंकणाऱ्याला, हरणाऱ्याच्या हाती काही नाही. अर्ल स्ट्रिकलंड एका टप्प्यावर 17 रॅकने पुढे होता आणि तरी इफ्रेन रेयेस 120-117 जिंकला. आधी शेवटचा दिवस बघा. 11 किंवा 13 रॅकच्या सामन्यात दोन-तीन ब्रेक (रॅक फोडणारे पहिले शॉट) कोरडे गेले, म्हणजे एकही चेंडू पडला नाही, की निकाल लागून जातो. 120 मध्ये नशिबाचा हिशेब बराचसा फिटतो आणि खेळाडूच्या सवयी उघड्या पडतात. अर्लचा रोख सरळ असतो: दिसला चेंडू की पॉट, म्हणजे थेट पॉकेटात. इफ्रेनचा खरा खेळ चेंडू दिसत नाही तेव्हा सुरू होतो.

म्हणून एक करा. रेयेस झाकला गेला, की व्हिडिओ थांबवा आणि तो कुठल्या कुशनवरून येईल ते आधी ठरवा. मग चालू करा, आणि चेंडूला लागलं की नाही यापेक्षा पांढरा आणि तो चेंडू कुठे जाऊन थांबले ते बघा. बहुतेक वेळा दोघे टेबलाच्या दोन टोकांना असतात, मध्ये एखादा चेंडू आड. नुसतं 'लागलं, फाउल वाचला' एवढ्यावर तो समाधानी नसतो.

ब्रेकनंतरचा पुश-आउटही पुढे ढकलू नका, कात्रणांत तो कधीच नसतो. ब्रेकनंतरच्या पहिल्याच शॉटला पुश जाहीर केला, तर कुठल्याही चेंडूला किंवा कुशनला लागायची सक्ती नसते. मग समोरचा ठरवतो: स्वतः खेळायचं की परत तुम्हालाच द्यायचं. फार सोपं ठेवलं तर तो खेळून टाकतो, फार अवघड ठेवलं तर ते तुमच्याच गळ्यात येतं. चांगला पुश म्हणजे जो शॉट आपल्याला जमतो आणि समोरच्याला नको असतो. कोण काय सोडतं यावरून त्याला स्वतःच्या कुठल्या शॉटवर भरवसा आहे ते कळतं.

तिसरी_कुशन

रेयेसचं नाव निघालंच आहे तर 1995ची रीनोमधली सँड्स रीजन्सी स्पर्धेची अंतिम लढत घ्या, समोर पुन्हा स्ट्रिकलंडच. निर्णायक रॅकमध्ये रेयेस पूर्ण झाकलेला, आणि त्याने दोन कुशनवरून इंग्रजी 'झेड' काढत चेंडू थेट पॉकेटात घातला. कात्रणात हा शॉट सगळ्यांनी पाहिलाय. तो इतका अवघड का, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

एका कुशनची किक, म्हणजे पांढरा आधी कुशनला लावून मारलेला शॉट, आरशासारखी असते. जितक्या कोनात गेला साधारण तितक्याच कोनात परत. जोरात मारलं तर थोडा आखूड, म्हणजे अलीकडे, हळू सोडला तर थोडा लांब, म्हणजे पलीकडे. झेडमध्ये पांढरा एका लांब कुशनवरून समोरच्या लांब कुशनवर जातो, आणि गोची तिथे आहे. पहिल्या कुशनला घासताना पांढऱ्याला आपोआप थोडी साइड, म्हणजे आडवी फिरकी, लागते, तुम्ही मध्यावर मारला असलात तरी. ती पहिल्या कुशनसाठी धावती असते, म्हणजे चेंडूला पुढे नेणारी. समोरची कुशन समांतर असल्यामुळे तीच साइड तिथे उलटी पडते आणि पांढरा पुढे जायचा सोडून ब्रेक लावल्यासारखा आखूड येतो. नुसते डायमंड (कुशनच्या कडेवरच्या खुणा) मोजून खेळणाऱ्याचा पांढरा दर वेळी चेंडूच्या अलीकडून निघून जातो, तो यामुळे.

क्लबात करून बघता येईल. टेबल रिकामं करा, पांढरा एका कोपऱ्यापाशी ठेवा. समोरच्या लांब कुशनच्या एकाच डायमंडवर नेम धरून तीन वेळा सोडा: एकदा मध्यावर, एकदा एक टिप (क्यूच्या टोकाएवढं) बाजूला मारून धावत्या साइडने, एकदा एक टिप उलट्या साइडने. जोर तिन्ही वेळा सारखा. दुसऱ्या कुशननंतर पांढरा कुठे लागतो तिथे खडूचा तुकडा ठेवा. तिन्ही जागांमधलं अंतर बघितल्यावर तो शॉट पुन्हा लावा. पावसाळ्यात दमट कापडावर सगळंच आखूड येतं, तेव्हा तिथले आकडे हिवाळ्यात वापरू नका.

सावकाश_पॉट

स्नूकरच्या डोळ्यांना काय दिसत नाही? तर बाजू.

12 फुटी टेबलावर लांबचा पॉट हीच मोठी गोष्ट असते, त्यामुळे नजर पॉकेटकडे जाते. पूलच्या 9 फुटी टेबलावर या लोकांचा पॉट गृहीत धरा. पांढरा पुढच्या चेंडूच्या कुठल्या बाजूला थांबला तेवढंच बघा. समजा सात कोपऱ्यात जातोय आणि आठ टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आहे. सातवर कोन योग्य बाजूचा असेल तर पांढरा आपसूक कुशनवरून आठकडे जातो, हात हलका ठेवूनही. तोच कोन चार बोटं पलीकडचा असेल तर जोरात स्क्रू (उलट्या फिरकीने मागे खेचणं) किंवा तीन कुशन फिरवून आणावा लागतो आणि मग इन-ऑफची, म्हणजे पांढराच पॉकेटात पडायची, भीती. प्रेक्षकाला वाटतं आठ चुकला. चूक सहावर झालेली असते.

दुसरं, पांढरा पुढच्या शॉटच्या रेषेवरून येतोय की तिला आडवा छेदतोय. रेषेवरून येत असेल तर जोर फूटभर कमी-जास्त झाला तरी शॉट शिल्लक राहतो. आडवा येत असेल तर वीतभर चुकलं की कोन गेला. थोर खेळाडूंचा खेळ कंटाळवाणा वाटतो तो याच कारणाने: त्यांना चमत्कार करायची वेळच येत नाही.

आता सामने.

2005, काऊशुंग, जागतिक अजिंक्यपदाची अंतिम लढत. वू जिया-चिंग 16 वर्षांचा, समोर कुओ पो-चेंग. आधी 17 घेणारा जिंकणार होता आणि कुओ 16-12 वर होता. वूने पुढचे पाचही रॅक घेतले, 17-16. शेवटचे सहा-सात रॅक दोनदा बघा, दुसऱ्यांदा फक्त कुओकडे लक्ष ठेवून.

2002, कार्डिफ, त्याच अजिंक्यपदाची अंतिम लढत. स्ट्रिकलंड 17, फ्रान्सिस्को बुस्तामांते 15. स्पर्धा चालू असतानाच बुस्तामांतेची तान्ही मुलगी गेली होती आणि तरी तो अंतिम फेरीपर्यंत खेळला. हे ठाऊक असताना तो सामना हलक्या मनाने बघवत नाही, पण खेळ म्हणूनही तो पहिल्या प्रतीचा आहे. त्याला ते पद 2010 मध्ये दोहाला मिळालं. हरवलं कुणाला, तर याच कुओ पो-चेंगला, 13-7. म्हणून हे तीन सामने 2002, 2005, 2010 अशा क्रमाने बघा.

2021, अटलांटिक सिटी, यूएस ओपनची अंतिम लढत. कार्लो बियाडो 3-8 मागे, मग सलग दहा रॅक, 13-8. समोरचा बिचारा अलोयसियस यॅप.

2024ची जेद्दाची जागतिक अजिंक्यपदाची अंतिम लढत, फेदोर गोर्स्ट 15, एक्लेंट काची 14, हीही यादीत असू द्या.

रॅकवाला

सावकाश, जुने आणि नवे सामने एकत्र बघताना ब्रेकचा फरक सांगायला हवा, नाहीतर नवा माणूस गोंधळेल. नव्वदच्या दशकात त्रिकोणी रॅक (इथे चेंडू मांडायची चौकट), एक नंबर टेबलावरच्या खुणेवर, आणि ब्रेक म्हणजे बाजूच्या कुशनजवळून अंगातला सगळा जोर. पुढे टेबलावर पातळ पत्र्यासारखं टेम्प्लेट आलं. चेंडू एकमेकांना घट्ट चिकटायला लागले आणि कडेचा चेंडू जवळजवळ दर वेळी कोपऱ्यात पडायला लागला. त्यावर उतारा म्हणून अलीकडच्या बऱ्याच स्पर्धांत नऊ नंबर खुणेवर ठेवतात. चेंडूंची अख्खी मांडणी पुढे सरकते आणि कडेचा चेंडू पॉकेट चुकवतो. त्यामुळे आता खेळाडू जोर कमी करून एक नंबरला किंचित कापून मधल्या पॉकेटात घालायला बघतात. पांढरा मध्यावर थांबवणं हा निम्मा ब्रेक.

निळा_चॉक

भरपूर झालं, आभार. बघताना टिपण ठेवायचं तर काय लिहावं? स्नूकरमध्ये पॉटची टक्केवारी असते तसं काही?

तिसरी_कुशन

आहे. पॅट फ्लेमिंगच्या अ‍ॅक्यू-स्टॅट्सने त्यासाठी एक सरासरी रूढ केली. पॉट केलेले चेंडू भागिले (पॉट केलेले चेंडू अधिक चुका). एखाद्याने 80 चेंडू घातले आणि 6 चुका केल्या तर 80 भागिले 86, म्हणजे .930. .900च्या वर गेला की त्या दिवशी तो माणूस अव्वल खेळला असं धरतात.

चूक म्हणजे फक्त हुकलेला पॉट नव्हे. फसलेली सेफ्टी (समोरच्याला सोपा शॉट न सोडणारा बचावाचा शॉट), किकवर झालेला फाउल, ब्रेकवरचा इन-ऑफ, आणि पॉट होऊनही पुढचा शॉट हातचा गेला तर पोझिशनची चूक. वहीत दोन रकाने पुरतात, चुकीपुढे प, से, कि, ब्रे किंवा पो एवढं अक्षर. पोझिशनची चूक ठरवताना भांडण होतंच. त्यावर माझा साधा नियम: पुढच्या शॉटला खेळाडूने सेफ्टी घेतली आणि ती त्याला नको होती असं दिसलं, तर 'पो'. नऊ नंबर कॉम्बिनेशनने लवकर पडला तर टेबलावर उरलेले चेंडू त्याच्या खात्यात धरायचे नाहीत, जेवढे पडले तेवढेच.