रान मी कसतो, हप्ता मालकाला पडतो

बटईदार_औसा
पीएम किसानचे 6000 आणि नमो शेतकरीचे 6000, असे वर्षाला 12 हजार आमच्या मालकाच्या खात्यावर पडतात. मालक लातुरात राहतात, किराणा दुकान आहे. रानात वर्षातून दोनदा येतात, पेरणीला आणि राशीला. चार एकर सोयाबीन नऊ वर्षं मी बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, करतोय. माझ्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, म्हणून सरकारच्या लेखी मी शेतकरीच नाही. माणूस वाईट नाही, दिवाळीला पोरांना कपडे घेतात. पण सन्मान निधी कसणाऱ्याला मिळावा, एवढंच माझं म्हणणं.

आप्पा_अडीच_एकर
भाऊ, माझे गुडघे गेले म्हणून मीही रान बटईनं दिलंय. बी-खताचा निम्मा खर्च मी घालतो. विहिरीचं कर्ज माझ्या नावावर, बँकेची नोटीस मला. 2023 च्या ऑगस्टात पावसानं ओढ दिली, तेव्हा निम्मं नुकसान माझंही झालं. बटईदार पुढच्या साली दुसऱ्याचं रान धरील, मी कर्ज घेऊन कुठं जाऊ? मालक बसून खातात असं सरसकट बोलू नका.

बटईदार_औसा
नुकसान निम्मं तर हप्ताही निम्मा करा की, आप्पा!

केंद्रवाला
ई-सेवा केंद्र चालवतो, रोज हेच ऐकतो. सुरुवातीला 2 हेक्टरची मर्यादा होती, ती 2019 मध्येच काढली. पण 1 फेब्रुवारी 2019 ला सातबाऱ्यावर नाव हवं ही अट राहिली. नंतर जमीन विकत घेतली तर नाही, वारसानं आली तर मिळतो. 'नमो' त्याच यादीवर चालते. बटईदार धरायचा तर कागद लागणार, आणि कागद कोण करून देतो? कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, म्हणून मालक घाबरतो. 1948 च्या कूळ कायद्याची धास्ती अजून गेलेली नाही.

जुनं_दफ्तर
मराठवाड्याला 1948 चा नाही, हैदराबादचा 1950 चा कूळ कायदा. धास्ती मात्र तीच.

एकटी_शेतकरीण
बटईदाराचं सोडा, घरातल्या बाईचं बोला. नवरा गेला, रान सासऱ्यांच्या नावावर. खुरपणी-फवारणी मी बघते, हप्ता त्यांना. मागायची सोय नाही.

आडतीवरचा
तुम्ही 12 हजारावर भांडत बसा. 2024 ला सोयाबीनचा हमीभाव 4892 होता, मी 4100 नं घातलं. 20 क्विंटलला 15,840 रुपये गेले. वर्षाचा हप्ता त्यातच बुडाला, वर पदरचे गेले. आणि केंद्राचे 6000 2019 ला होते तेवढेच आजही. डीएपी खताचं पोतं तेवढ्यावर थांबलंय का?

बटईदार_औसा
दादा, हमीभाव केंद्रावर नोंदणीलाही सातबाराच मागतात. माल माझा असला तरी पैसे मालकाच्याच खात्यावर.

आप्पा_अडीच_एकर
बरं, कसणाऱ्याला द्यायचं. पण कसणारा कोण हे ठरवणार कोण, सरपंच? मग झालंच! 1 रुपयात पीक विमा दिला तर लोकांनी सरकारी जमिनीवर अन् देवस्थानाच्या रानावर विमे उतरवले. 2025 ला ती योजना गुंडाळली. उद्या अर्धं गाव म्हणेल आम्ही बटईदार.

केंद्रवाला
आप्पा, सातबारा बघूनही चुकीची नावं घुसलीच की. आयकर भरणाऱ्यांनी हप्ते उचलले, मग तहसीलमधून वसुलीच्या नोटिसा निघाल्या. ओडिशानं शेतकऱ्यांना मदत देणाऱ्या कालिया योजनेत बटईदार आणि भूमिहीनही धरले होते. अवघड आहे, पण होतच नाही असं नाही.

आप्पा_अडीच_एकर
धरा ना. वेगळा पैसा काढून द्या. माझ्या ताटातला कशाला?

बटईदार_औसा
ताट तुमचं, कबूल. मागच्या आठवड्यात मालकांना म्हटलं, साधा अकरा महिन्यांचा कागद करून द्या. म्हणाले, "का रे, विश्वास नाही का माझ्यावर?" गप बसलो. पेरणी तोंडावर आली, आता दुसरं रान कुठं शोधू?