पॅपलविकच्या पंपघरातल्या 'बीम'ला मराठीत काय म्हणावं?

मंडळी, मदत हवी आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळच्या पॅपलविक पंपिंग स्टेशनबद्दल मुलांसाठी मराठीत टिपण लिहितेय. १८८४ मध्ये सुरू झालेलं हे पंपघर खोल विहिरीतलं पाणी वाफेच्या जोरावर उपसून शहराला पुरवायचं. १९६९ पर्यंत चाललं. जेम्स वॅट कंपनीची दोन इंजिनं, खांबांवर मासे नि पाणवनस्पती, खिडक्यांना रंगीत काचा. पंपघर की देऊळ, असं वाटावं!

अडलंय ते या इंजिनांच्या 'बीम'वर. एका बाजूला दट्ट्या, दुसरीकडे पंपाचा दांडा, मध्ये ही अजस्र लोखंडी तुळई वरखाली डुलते. पण तुळई म्हटलं की घराचं छप्परच आठवतं. कोकणातल्या विहिरीवरची 'लाट', म्हणजे पाणी उपसायचा वरखाली होणारा लांब दांडा, हा शब्द चालेल का? की दुसरा शब्द आहे?