पोराच्या गेममधला कोणीतरी ‘भाई’ त्याला डायमंड पाठवतोय, काय करू?

डिचोलीची_आई:

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझा मुलगा सातवीत, बारा पूर्ण. नवरा बोटीवर असतो, सहा-सात महिन्यांनी येतो, त्याच्याशी व्हिडिओ कॉल करता यावा म्हणून गेल्या चवथीला, गणपतीत, पोराला माझा जुना फोन दिला, सिम नाही, घरचं वायफाय. त्यावर गेम आली. इथपर्यंत ठीक, वाड्यावरची सगळीच पोरं खेळतात, संध्याकाळी देवळाच्या पायऱ्यांवर चार डोकी एका स्क्रीनवर.

परवा रात्री तो जेवायला बसला, फोन सोप्यावर राहिला आणि मेसेजवर मेसेज वाजायला लागले म्हणून मी उचलला. कोणीतरी ‘भाई’, हिंदीत. ‘डायमंड मिला क्या? मम्मी को मत बताना, और दूंगा.’ वर सरकवलं तर दोन आठवड्यांचं बोलणं. आधी नुसतं गेमचं, मग घरात कोण कोण असतं, पप्पा कधी येतात, आई कामावरून किती वाजता येते, तुझी वेगळी खोली आहे का, आणि शेवटी एका दुसऱ्या ॲपचं नाव, ‘इधर नहीं, उधर बात करते हैं’. डायमंड म्हणजे गेममधलं नाणं हो, खरे पैसे भरून घ्यावं लागतं, म्हणजे हा माणूस माझ्या पोरावर खर्च करतोय!

हातपाय गार पडले. फोन होता तसा ठेवला, पोराला अजून काही बोलले नाही. सासूबाई म्हणतात फोन चुलीत घाल. भावजय म्हणते ब्लॉक कर, सगळं डिलीट कर, विषय संपव. नवऱ्याला सांगितलं तर तो तिकडे समुद्रात तळमळत बसणार. पोलिसांत जायला धीर होत नाही, गाव लहान आहे. काय करू?

म्हापशेकर_बाबा:

ताई डिलीट अजिबात करू नका, आधी तुमच्या फोनने त्या स्क्रीनचे फोटो काढा, त्याचं नाव, गेममधला आयडी नंबर, तारीख-वेळ दिसेल असे. ब्लॉक त्यानंतर.

आमच्या घरात झालंय म्हणून सांगतो. मुलगी नववीत होती, तिच्याच वयाची म्हणून एका ‘मैत्रिणी’शी ओळख झाली, फोटोंची देवाणघेवाण झाली, आणि एक दिवस ती मैत्रीण पैसे मागायला लागली, नाहीतर फोटो क्लासच्या ग्रुपवर टाकीन म्हणून. पोरीने माझ्या फोनवरून यूपीआयने पाचशे पाठवले, दुसऱ्या दिवशी दोन हजारांची मागणी आली. म्हणजे पैसे दिले की सुटका होते हे डोक्यातून काढाच. आम्हाला कळलं महिन्याने. महिनाभर का गप्प बसलीस विचारलं तर म्हणाली, बाबा तुम्हीच म्हणाला होता, असलं काही दिसलं तर फोन विहिरीत टाकीन. मी म्हणालो होतो खरा, जेवता जेवता, कुठल्यातरी बातमीवरून. त्या माणसाला वेगळं धमकवायची गरजच पडली नाही, त्याचं अर्धं काम मी करून ठेवलेलं.

म्हणून आज पोराशी बोला पण फोन काढून घेईन हे वाक्य तोंडातून काढू नका. समोरासमोर बसवून चौकशी लावण्यापेक्षा स्कूटरवर मागे बसवून कुठेतरी न्या, तोंड दिसत नाही तेव्हा पोरं जास्त बोलतात, हा माझा अनुभव.

सुंगटां_हुमण:

माफ करा पण बारा वर्षांच्या पोराला फोन हवाच कशाला? ऑस्ट्रेलियाने बघा, 10 डिसेंबर 2025 पासून 16 च्या खाली सोशल मीडियाचं खातंच नाही. आपल्याकडे पण तसंच पाहिजे, म्हणजे असले प्रश्नच येणार नाहीत.

फोंड्याची_टीचर:

भाऊ, ऑस्ट्रेलियाच्या त्या कायद्यात मेसेजिंग आणि ऑनलाइन गेमना सूट आहे, म्हणजे ताईंच्या पोराचा हा ‘भाई’ तिथेपण भेटलाच असता. आणि बाप बोटीवर आहे, फोन त्याच्यासाठी दिलाय, ते वाचलं नाहीत वाटतं.

ताई मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. सगळ्यात आधी त्याच्या खात्यांमध्ये जन्मसाल काय टाकलंय ते बघा. माझ्या वर्गात विचारलं तर कितीतरी जणांचं 2000, का रे म्हटलं तर, टीचर बोटाने सरकवताना तेच पटकन येतं! मग लहान मुलांसाठी कंपनीने जे बंद ठेवलेलं असतं ते सगळं उघडतं. इन्स्टाग्रामच्या टीन अकाउंटचंच घ्या, खातं आपोआप प्रायव्हेट असतं, तो ज्यांना फॉलो करतो किंवा आधीपासून ज्यांच्याशी जोडलेला आहे तेवढेच मेसेज करू शकतात, 16 च्या आतल्या मुलाला ते सैल करायला आईबापाची परवानगी लागते, पण साल खोटं असलं की बऱ्याचदा सगळं फुकट. तसं तिथे 13 च्या आत खातंच चालत नाही, तुमचा तर बाराचा.

अँड्रॉइड असेल तर गुगलचं फॅमिली लिंक लावा. नवीन ॲप टाकायला तुमची परवानगी लागेल, तो ‘उधर बात करते हैं’ वाला रस्ता तिथे अडतो. पण ते लावलं म्हणून निश्चिंत होऊ नका, त्यात किती वेळ कुठलं ॲप वापरलं ते दिसतं, आत कोण काय बोलतोय ते नाही दिसत. गेमच्या आतल्या चॅटचं सेटिंग गेममध्येच जाऊन बदलायचं, ओळखीचेच मित्र ठेवायचे किंवा चॅट बंद. हे पोराच्या हातून करून घ्या, शेजारी बसून. तुम्ही रात्री गुपचूप बदललं तर तो सकाळी शाळेत जायच्या आधी परत फिरवेल, त्याला तुमच्यापेक्षा जास्त येतं.

कोर्टकचेरी_पणजी:

मी वकिलांच्या ऑफिसात काम करते, पोलिसांची भीती वाटते म्हणालात म्हणून तेवढंच लिहिते. पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, 2012 चा, मुलगा असो वा मुलगी दोघांनाही लागू. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घेतात, शक्यतो महिला अधिकारी, आणि अधिकाऱ्याने युनिफॉर्ममध्ये यायचं नाही, रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही, हे सगळं कायद्यातच लिहिलंय. मुलाचं नाव, शाळा, घर पेपरात छापायलाही बंदी आहे. तेव्हा जीप येईल, वाड्यावर बोभाटा होईल, हे चित्र मनातून काढा.

शिवाय आयटी कायद्याच्या 67 ब कलमात लैंगिक हेतूने मुलाला ऑनलाइन फूस लावणं हासुद्धा गुन्हा आहे. तुमच्या केसमध्ये कुठलं कलम लागेल ते पोलीस बघतील, तुम्ही फक्त पुरावा सांभाळा. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांचा वेगळा विभाग आहे, तिथे स्वतःचं नाव न देताही तक्रार करता येते, पण पुढे काय झालं ते बघायचं असेल तर नावाने करा. 1930 नंबर मुख्यतः पैसे गेले तर. मुलांसाठी 1098, चोवीस तास, फुकट. आपलं सायबर पोलीस स्टेशन रायबंदरला आहे.

देव न करो, पण पोराने कुठला तसला फोटो पाठवलेला असेल तर ‘टेक इट डाऊन’ म्हणून फुकट सेवा आहे, अमेरिकेतल्या संस्थेची. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जातच नाही, त्याचा एक डिजिटल ठसा बनतो आणि त्यात सामील असलेल्या कंपन्या तो ठसा जुळला की फोटो काढून टाकतात. आणि असा फोटो पुरावा म्हणून नातेवाइकांना वगैरे फॉरवर्ड करू नका हां, तो पुढे पाठवणं हाच गुन्हा होतो.

डिचोलीची_आई:

सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. काल म्हापशेकरांनी सांगितलं तसं केलं, स्कूटरवरून सांखळीला नेलं, भजी-पाव खायला. जाताना काही बोलला नाही. येताना कारापुरच्या वळणाच्या आसपास मागून आवाज आला, आई त्याला डायमंड परत कसे देतात? मी म्हटलं कोणाला? मग सगळं आलं. तो माणूस म्हणायचा, इतके दिले तुला, आता तू माझं ऐकायला पाहिजेस. पोराला वाटत होतं आपण कर्जात आहोत, आणि ते पैसे पप्पांना भरावे लागणार. फोटो एकच पाठवलाय, घरासमोर उभा, शाळेच्या शर्टात, बॅज दिसतोय. दुसरं ॲप टाकलं नव्हतं. मी तिथेच थांबून स्कूटर बाजूला लावली.

नवऱ्याला सांगितलं शेवटी. तळमळला, पण पोराशी बोलताना आवाज चढवला नाही. रात्री तिघांनी मिळून, तो फोनवर, पोर्टलवर तक्रार टाकली, स्क्रीनचे फोटो जोडले, मग पोराने स्वतः ब्लॉक केलं. सासूबाईंचा राग अजून फोनवरच आहे. एक विचारायचं राहिलं, ते डायमंड अजून त्याच्या खात्यात दिसतायत, तसेच ठेवायचे का खर्च झाले तरी चालेल?

कोर्टकचेरी_पणजी:

हात लावू नका त्याला सांगा. कोणाकडून कधी आले ती यादी गेममध्ये दिसत असेल तर तिचापण स्क्रीनशॉट काढा. आणि तक्रारीचा जो नंबर आलाय तो वहीत लिहून ठेवा, फोनमध्ये नको.