नळावरचा पहिला ग्लास आंबट लागतो : दोष केगचा की नळीचा?

फेसाळ :
घरी तयार केलेली बिअर मी १९ लिटरच्या बॉल-लॉक केगमध्ये (नळ्या खटक्याने जोडता येणाऱ्या स्टीलच्या पिंपात) भरतो आणि फ्रीजच्या दारावर बसवलेल्या नळातून घेतो. केग रिकामा झाला की तो गरम पाण्याने विसळतो, फॉस्फोरिक आम्लाचे सॅनिटायझर त्यात खळबळवतो आणि तेच नळीतून व नळातून सोडतो. तरीही अलीकडे दिवसातला पहिला ग्लास किंचित व्हिनेगरसारखा लागतो. दुसऱ्यापासून चव पूर्ववत होते. नळी बदलावी, केग बदलावा, की स्वच्छतेतच काही राहून जात आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तळगाळ :
दुसऱ्या ग्लासात दोष उरत नसेल, तर केगमधली बिअर बहुधा चांगली आहे आणि संशय नळावर किंवा नळीच्या त्याच टोकावर घ्यावा लागेल. खात्रीसाठी केगला नवी आखूड नळी आणि साधा पिकनिक नळ (नळीच्या टोकाला लावायचा, हाताने दाबायचा छोटा प्लास्टिकचा नळ) जोडून थेट चव घेऊन पाहावी. असेटिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. दाबाखालच्या नळीत तो जवळजवळ नसतो, नळाच्या तोंडाशी मात्र भरपूर असतो. ज्या नळांची झडप मागच्या बाजूला असते, त्यांच्यात नळ बंद केल्यावरही पुढची पोकळी बिअरने ओली राहते, वाळते, पुन्हा भिजते, आणि तिथे चिकट थर धरतो.

आपल्या पद्धतीत सफाईची पायरीच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सॅनिटायझर स्वच्छ पृष्ठभागावरचे जंतू मारते. प्रथिने, यीस्ट आणि हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) राळेसारखा थर ते काढत नाही. त्यासाठी अल्कधर्मी क्लीनरच हवा. अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशनची शिफारस अशी आहे की दर १४ दिवसांनी सुमारे २ टक्के कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइडसारख्या तीव्र अल्कलीचे) द्रावण २७ ते ४३ अंश सेल्सिअस तापमानाला पंपाने नळीतून १५ मिनिटे फिरवावे, आणि पंप नसल्यास ते नळीत २० मिनिटे भरून ठेवावे. कॅल्शियम ऑक्झलेटचा कठीण थर, म्हणजे बिअरस्टोन, कॉस्टिकने नीट निघत नाही. त्यासाठी दर तीन महिन्यांनी आम्लाचा क्लीनर वापरावा. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कॉस्टिकला हात लावू नये.

ओरिंग :
वरील उत्तराशी सहमत आहे, पण केगलाही इतक्या लवकर निर्दोष ठरवू नये. आधी सेफ्टी व्हॉल्व्ह ओढून दाब पूर्ण सोडावा, मगच पाना लावून दोन्ही पोस्ट (गॅसची व बिअरची नळी जोडायची केगवरची तोंडे) काढावेत. गॅसच्या पोस्टवर सहसा खाचा असतात. त्या पाहून ठेवल्या की जोडताना अदलाबदल होत नाही. आतला पॉपेट (स्प्रिंगवरची छोटी झडप) बाहेर काढून त्याच्या स्प्रिंगखाली बोट फिरवून पाहावे : केग बाहेरून कितीही लखलखीत असला, तरी तिथे हॉप्सचा हिरवट-तपकिरी लगदा सापडतो. केगच्या तळातून बिअर वर आणणाऱ्या लांब डिप ट्यूबमधून तारेचा लवचीक ब्रश आरपार जायला हवा. ओ-रिंगा (सांध्यांतल्या रबरी कड्या) वास धरून ठेवतात, तेव्हा वास येणारी रिंग धूत बसण्यापेक्षा बदललेली बरी.

केगसाठी सोडियम परकार्बोनेट उत्तम, मात्र त्यातून ऑक्सिजन सुटत असतो, म्हणून द्रावण भरून झाकण घट्ट लावून ठेवू नये. क्लोरीनचे ब्लीच स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पाडते, आणि ते आम्लात मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. ते या कामापासून दूरच ठेवावे.

बुडबुडा :
एक पुरवणी. कॉस्टिक द्रावण केगमध्ये भरून कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने नळीतून ढकलण्याची पद्धत अनेक जण सुचवतात, परंतु हा वायू कॉस्टिकशी अभिक्रिया करून त्याचा जोर कमी करतो. लहान पंप किंवा हाताने दाब देण्याची बाटली अधिक योग्य. नंतर सॅनिटायझर ढकलताना मात्र हाच वायू सोयीचा पडतो, कारण त्यामुळे केगमधली हवाही बाहेर जाते.

फेसाळ :
सर्वांचे आभार. नळ सुटा केल्यावर दांड्याभोवती आणि वायुछिद्रात तपकिरी, बुळबुळीत थर आढळला. पिकनिक नळातून घेतलेल्या बिअरला आंबटपणा अजिबात नव्हता. नळी तरीही बदलावी का?

तळगाळ :
आधी नळ सुटा करून कोमट अल्कधर्मी द्रावणात भिजवावा, छिद्रे बारीक ब्रशने घासावीत आणि नळीतून कॉस्टिक फिरवावे. नंतर बाहेर येणाऱ्या पाण्याचा पीएच साध्या पाण्याइतका होईपर्यंत ती धुवावी. हे लिटमससारख्या पट्टीने तपासता येते, अंदाजावर सोडू नये. एवढे करूनही रिकाम्या नळीला वास येत असेल किंवा ती आतून पिवळट पडली असेल, तर बदलावी, कारण व्हिनाइल नळी चव शोषून घेते. यापुढे शेवटचा ग्लास घेतल्यावर नळाच्या तोंडात पिचकारीने स्वच्छ पाणी मारावे, आणि दर नळी-सफाईला नळही सुटा करावा.