पऱ्हाटीचा बायोचार काळ्या वावरात टाकू का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, यवतमाळकडं ४ एकर काळं वावर आहे आपलं, पावसात चिखल अन् उन्हाळ्यात भेगा अशा की आख्खा हात आत जातो. दरवर्षी बोंडअळीच्या भीतीनं पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) उपटून धुऱ्यावर पेटवून द्यायचो, यंदा म्हटलं बायोचार (कमी हवेत जाळून केलेला, मातीत मिसळायचा कोळसा) करून पाहू. ३ फूट खोल, वर रुंद खाली निमुळता खड्डा केला, थोड्या पऱ्हाट्या पेटवल्या, वर पांढरी राख धरायला लागली की पुढचा थर टाकायचा, शेवटी पाणी मारून विझवलं. कोळसा मस्त झालाय, मोडला की कट्टकन आवाज येतो, बुडातल्या जाड काड्या मात्र अर्ध्या कच्च्याच राहिल्या (बायको म्हणते चुलीला दे).

आता अडचण अशी की माती परीक्षणात सामू (pH) ८.२ आलाय अन् हा कोळसा पण अल्कधर्मीच, कोकणातल्या आंबट जांभ्या मातीला ते बरंच, पण आपल्याकडं जस्त अन् लोह अजून अडकून बसंल का? नुसता टाकला तर नत्र धरून ठेवतो म्हणून शेणस्लरीत भिजवणार आहे, किती दिवस ठेवू? अन् एकरी किती, सगळीकडं फेकू की सरीतच टाकू? भारी काळ्या रानात कोणी स्वतः वापरला असंल तर सांगा, भेगा खरंच कमी झाल्या का?